पेशंटच्या उशाशी बसून त्याचा मागचा जन्म काढणाऱ्यांसाठी

नागपुरात धंतोली नाहीतर रामदासपेठेतल्या कोणत्याही हॉस्पिटलच्या वेटिंगमध्ये अर्धा तास बसून पहा, एक तरी नातेवाईक असा भेटतोच जो संत्र्यांची पिशवी घेऊन येतो, रिपोर्ट उलटापालटा करतो, मान हलवतो आणि पेशंटला ऐकू जाईल अशा बेतानं हळू आवाजात म्हणतो, "काय करता, मागच्या जन्मीचे भोग, इथंच फेडून जा लागते." तो माणूस वाईट नसतो बरं का, घरी त्यानं गीता लाल कपड्यात गुंडाळून ठेवलेली असते आणि सकाळी अनुलोम-विलोमही करतो. पण हेच वाक्य हल्ली "योगाचा कर्मसिद्धांत आहे हा" असं म्हणून ऐकवून राहिले लोकं, म्हणून लिहायला बसली. लांब आहे, चहा घेऊन वाचा.

नागपुरात योग काही कालपरवाचा नाही. रामनगरातल्या जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळामुळे आसनं-प्राणायाम किती घरांत पोचलं ते जुन्या लोकांना विचारा. पण आसनं पोचली तेवढी पतंजलींची योगसूत्रं, म्हणजे योगाचा मूळ ग्रंथ, पोचली नाहीत, आणि सूत्रांत जे आहे ते या संत्रीवाल्या काकांच्या वाक्यापेक्षा पार वेगळं आहे.

पतंजली साधनपादात, म्हणजे सूत्रांच्या दुसऱ्या भागात, काय म्हणतात तर कर्माचा जो साठा मनात होतो, कर्माशय म्हणतात त्याला, त्याचं मूळ क्लेशांत आहे. क्लेश म्हणजे मनाला पिडणारे दोष, ते पाच, अविद्या (अज्ञान), अस्मिता (मीपणा), राग, द्वेष, अभिनिवेश (मरणाची भीती). (राग म्हणजे आपला चिडण्याचा राग नाही इथं, ओढ, हवंहवंसं वाटणं.) जोवर हे मूळ जिवंत आहे तोवर साठ्याला फळं येत राहणार, कोणत्या योनीत जन्म, किती आयुष्य, कसे भोग. इथपर्यंत काकांना बरं वाटेल. पण याच्या दोन-तीन सूत्रं पुढं येते ती गोष्ट, हेयं दुःखमनागतम्, टाळायचं ते न आलेलं दुःख. त्यावर व्यासभाष्य, म्हणजे सूत्रांवरची जुनी टीका, सरळ सांगते की झालं ते दुःख भोगून संपलं, चालू आहे ते त्याच्या क्षणात भोगणंच सुरू आहे, तेव्हा हातात राहते फक्त पुढचं. आता सांगा बापा, ज्या शास्त्राचा सगळा रोख पुढं आहे त्याच्या नावानं तुम्ही माणसाला मागं काऊन ढकलता?

आणि मागचं तुम्हाला कळते तरी कसं? त्याच भाष्यात लिहून ठेवलंय की कर्माची गती विचित्र आहे, कळायला अवघड आहे. गीतेतही गहना कर्मणो गतिः. व्यासांना जे अवघड वाटलं ते आपल्या काकांना सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून दिसते.

माझा सगळ्यात आवडता भाग मात्र वेगळाच आहे, आणि तो कोणी सांगत नाही. कोणत्या कर्माचं फळ याच जन्मात, लगेच पिकते, याची यादी भाष्यात दिली आहे. भ्यालेल्या, आजारी, दीन माणसाला, विश्वासानं जवळ आलेल्याला, तपस्व्याला जो पुन्हा पुन्हा दुखावतो त्याचं पाप सद्य एव, म्हणजे तिथल्या तिथं पिकते. आजारी माणूस थेट यादीत आहे हो! म्हणजे किमो चालू असलेल्या बाईजवळ बसून तिच्या पापाचा हिशोब मांडणं हे कर्मसिद्धांत समजावणं नाही, ते स्वतःच्या खात्यात नवीन एन्ट्री टाकणं आहे, तीही अर्जंट.

बरं, दुसऱ्याच्या दुःखाशी कसं वागायचं हेही सूत्रांत मोघम सोडलेलं नाही. पहिल्याच पादात आहे, सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाला पाहून आनंद आणि पापी असेल तर उपेक्षा, म्हणजे अलिप्त राहणं. समजा घटकाभर धरून चाललो की समोरचा पापीच आहे, तरी तुमच्या वाट्याला उपेक्षाच येते, न्यायाधीशाची खुर्ची नाही. गीतेच्या 18व्या अध्यायात कोणत्याही कामाची पाच कारणं सांगितली, जागा, करणारा, साधनं, वेगवेगळे प्रयत्न आणि पाचवं दैव. पाचवं. आपण ते पहिल्या नंबरवर आणून बाकीचे चार गिळून टाकले.

यानं काय होते ते नागपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर जे झालं त्यामागं हाही प्रश्न होताच. बाबासाहेबांच्या पश्चात 1957 ला आलेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये त्यांनी मागच्या जन्माच्या कर्मावर सगळं टाकणाऱ्या सिद्धांताचा समाचार घेतला आहे, त्यांचं म्हणणं की गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्यानं आणि समाजानं झटकावी याखेरीज याचा दुसरा उपयोग दिसत नाही. योग शिकवणाऱ्या लोकांनी या आरोपाला उत्तर द्यायचं सोडून तो ऐकलाच नाही असं केलं, हे मला पटत नाही. मला वाटते योगसूत्रांतूनच उत्तर निघते, पण त्यासाठी सूत्र स्वतःवर लावावं लागते.

ते सूत्र म्हणजे कृत, कारित, अनुमोदित. हिंसा आपण केली, करवली, किंवा कोणी केली आणि आपण "बरं झालं" म्हटलं, तिन्ही आपल्याच नावावर. पुन्हा प्रत्येक लोभातून, क्रोधातून की मोहातून, सौम्य, मध्यम की तीव्र, आणि त्या सौम्य-मध्यम-तीव्राचेही पुन्हा तीन-तीन, असे गुणाकार करत भाष्यकार हिंसेचे 81 प्रकार काढतात. मोहाचं त्यांनी दिलेलं उदाहरण तर अंगावर येते, "यातून मला धर्म घडेल" असं समजून केलेली हिंसा.

आता हे घेऊन 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घरांत शिरली. नंतर ग्रुपवर काय आलं तर "निसर्गाचा कोप", "कर्माची फळं". अरे कोणाच्या कर्माची? ज्या म्हाताऱ्या बाईची गादी-फ्रिज सगळं चिखलात गेलं तिच्या? पाण्याच्या वाटेत काय काय बांधलं गेलं यावर वाद हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, त्यातही विवेकानंदांचा पुतळा, ज्यांनी कर्मयोगावर व्याख्यानं दिली ते! बांधणारे कृत, परवानगी देणारे कारित, आणि नाल्याला लागून प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून खूश होणारे, नदीत कचरा जाताना पाहून काच वर करणारे आपण सगळे अनुमोदित. कर्म म्हणायचंच असेल तर एवढं सगळं म्हणा, अर्धं नको.

आता कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच, "मग ताई, तुम्ही पुनर्जन्म मानता की नाही?" खरं सांगू, कधी मानते कधी नाही. सूत्रात दृष्ट (हा, दिसणारा) आणि अदृष्ट (न दिसणारा, पुढचा) असे दोन्ही जन्म आहेत, माझं सध्या दृष्टाचंच काम एवढं पडून आहे की दुसऱ्याला वेळ नाही. आणि संत्रीवाले काका मला ओळखतात, त्यांनी वाचलं तर फोन येईल, येऊ द्या.