लाल गोळीत बी-12 का नाही?

आईच्या पायांना दीड वर्ष मुंग्या येत होत्या. रात्री तळपायांची आग व्हायची, चालताना चप्पल पायातून निसटली तरी तिला कळायचं नाही. आम्ही घरातले सगळे म्हणत राहिलो, वय झालं, त्यात शुगर, असं व्हायचंच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचंही तेच मत होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी एक साधी रक्ततपासणी करायला लावली आणि बी-12 हे जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं निघालं. आई जन्माची शाकाहारी. दूध पोटात जायचं ते चहातलं तेवढंच. वर दहा वर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू, आणि त्या गोळीने बी-12 शरीरात कमी शोषलं जातं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर आग थांबली. डाव्या पायाची बोटं मात्र अजून बधिर आहेत. दीड वर्ष आपण काय करत होतो, हे मनातून जात नाही.

आता मामेबहीण गरोदर आहे. आशाताईंनी तिला लाल गोळ्या दिल्या : लोह 60 मिलिग्रॅम, फोलिक अॅसिड 500 मायक्रोग्रॅम. ती पाकिटं हातात घेतली आणि मला आईचे पाय आठवले. यात बी-12 नाही.

गोळीतल्या फोलिकचा शोध मुळात आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. 1928 मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त इतकं का आटतं, हे तिला शोधायचं होतं. परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत तिने काम केलं. या बायकांच्या जेवणात काय पडतं आणि काय पडत नाही, ते पाहिलं. उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, दिल्यावर बायकांचं रक्त भरून येतं, हे तिने 1931 मध्ये जगासमोर मांडलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फोलिक अॅसिड, हे पुढे सिद्ध झालं. त्या बायकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, पण आज गावोगाव वाटल्या जाणाऱ्या गोळीची सुरुवात त्यांच्या रक्तापासून आहे.

दुसरा धागा पुण्याचा. तिथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतला. दोन तृतीयांश गरोदर बायकांत बी-12 कमी निघालं. 2008 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष मी तीनदा वाचला : ज्या आयांच्या रक्तात फोलेट (म्हणजे फोलिकच) भरपूर आणि बी-12 कमी, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यात जास्त विरोध दिसला. म्हणजे पुढच्या मधुमेहाची जमीन तिथेच तयार होत असावी. याच मुलांपैकी काहींना वयात आल्यावर रोज 2 मायक्रोग्रॅम बी-12 देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या बाळांची समज आणि भाषा दोन वर्षांच्या वयात जास्त चांगली आढळली. बाळांची संख्या लहान होती, हे मान्य. पण 2 मायक्रोग्रॅम म्हणजे किती, याचा विचार करा. मिठाच्या एका कणापेक्षाही कमी!

कृपा करून कुणी फोलिक बंद करू नका. बाळाच्या मणक्याचे जन्मजात दोष त्याने टळतात, हे 1991 पासून पक्कं ठाऊक आहे. अडचण एकट्या फोलिकची आहे. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि बी-12 ची कमतरता झाकली जाते, तिकडे नसांची झीज चालूच राहते. जिथे घरोघरी डाळ-भात-भाजी आणि चहापुरतं दूध आहे, तिथे हे दोन्ही एकत्र द्यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. भाजीपाल्यात बी-12 नसतंच. ‘आम्ही पालक खातो की’ म्हणणाऱ्या मावश्यांना मी हेच सांगत असते.

परळ आपलं, ती सहा गावं आपली, आणि गोळी अजून पहिल्याच शोधापाशी थांबलेली. आपल्या आमदारांना, आरोग्य खात्याला हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे? मी पत्र लिहिलंय. आशाताईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘ताई, वरून जे येतं तेच आम्ही वाटतो.’ त्यांचा काय दोष?

परवा बहिणीच्या तपासणीला मी सोबत जाणार आहे. त्या केंद्रात बी-12 ची तपासणी होत नाही, रक्त बाहेरच्या लॅबमध्ये द्यावं लागेल. देऊ. आईसुद्धा येते म्हणाली आहे.