सात बहिणींची गोष्ट, आम्हाला सांगितली तेवढी

परवा ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मराठी ग्रुपवर एका ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, चित्राचा फोटो आला आणि खाली कुणीतरी लिहिलं, "ठिपके तर काय, कुणीही काढेल." तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितेय.

२०१७च्या डिसेंबरात कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात सात बहिणींच्या गोष्टीवरच्या प्रदर्शनात मी आणि माझी लेक एका घुमटाखाली पाठ टेकून पडलो होतो. वर मध्य ऑस्ट्रेलियातल्या केव्ह हिलच्या गुहेतली चित्रं फिरत होती. सात बहिणी वाळवंटभर पळतायत, न्यिरू नावाचा पुरुष रूपं बदलत त्यांच्या मागे लागलाय. शेवटी त्या आभाळात जातात, तोही मागोमाग. त्या बहिणी म्हणजे आपल्या कृत्तिका, आणि न्यिरू दिसतो तो आपल्या मृग नक्षत्राच्या जागी. लहानपणी आजीने मला मृग रोहिणीच्या मागे धावतो असं सांगितलं होतं. घुमटाखाली ते आठवून अंगावर काटा आला.

पण मला सांगायचंय ते त्या प्रदर्शनामागचं. ते भरवा असं वाळवंटातल्या वडीलधाऱ्यांनीच सुचवलं होतं. ही गोष्ट ठिकाणाठिकाणांवरून चालत, गाण्यांतून सांगतात, आणि तिची वाट तुटत चालली होती. या लोकांच्या मुलांना आईबापांपासून हिरावून नेण्याचं सरकारी धोरण कित्येक दशकं चाललं, माणसं ख्रिस्ती मिशनांत आणि वस्त्यांत गोळा केली गेली. ही गाणी त्या त्या पाणवठ्यावर, त्या त्या खडकापाशी गायची असतात. चालणंच थांबलं तर नातवंडांना शिकवायचं कुठे? म्हणून ज्या संग्रहालयांनी एकेकाळी त्यांच्या वस्तू उचलून नेल्या, त्याच प्रकारच्या संस्थेला त्यांनी कामाला लावलं. केवढा मोठा निर्णय!

आणि तरीही त्यांनी सगळं सांगितलं नाही. आम्ही पाहिलं ते सर्वांसाठी खुलं असलेलं रूप. पुढचं कुणाला, कुठल्या वयात, बाईला की पुरुषाला, हे नात्यावर आणि अधिकारावर ठरतं. १९७१मध्ये पापुन्या या मध्य ऑस्ट्रेलियातल्या वस्तीत आधुनिक चित्रकलेची ही चळवळ सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला रंगवलेल्या काही फळ्यांवर गुप्त विधींतल्या गोष्टी उघड झाल्या म्हणून समाजातच वाद झाले. नंतरच्या चित्रांत असा तपशील झाकला जाऊ लागला, आणि त्या झाकण्यात ठिपक्यांचाही हात होता. "कुणीही काढेल" म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं. तो ठिपका काढायला हात लागतो, पण ती गोष्ट काढायला हक्क लागतो.

सगळी माहिती सगळ्यांना खुली हवी, असं मीही मानत आले. आता तेवढी खात्री नाही. मागावं लागतं, थांबावं लागतं, लायक व्हावं लागतं, अशा ज्ञानाला माणूस जास्त जपतो असं मला वाटतं.

२०१६चं विन पारितोषिक, म्हणजे ऑस्ट्रेलियातलं चित्रकलेचं एक मोठं बक्षीस, अमाटा गावच्या केन घराण्यातल्या पाच बहिणींना मिळालं. विषय हाच, सात बहिणी. पाच जणींनी एकाच कॅनव्हासवर रंगवलेलं. माझी लेक अजून विचारते की त्यांनी आधी ठरवलं असेल का, कुणी कुठून सुरुवात करायची.

इथे दुकानांत बाहेरून छापून आणलेले बूमरँग ढिगाने मिळतात. ते घेऊ नका. गावातल्या लोकांच्या मालकीच्या आर्ट सेंटरमधून घ्या. चित्रकाराचं नाव, गाव आणि गोष्ट लिहिलेलं प्रमाणपत्र सोबत येतं. आमची भिंत अजून रिकामी आहे, आम्ही पैसे साठवतोय.