घेवड्याला खत लागत नाही?

पाऊस तोंडावर आला की गच्चीवर बाग करणाऱ्यांत एक निरोप फिरू लागतो : ‘घेवडा, वाल लावा, खताची चिंता सोडा. हा वेल हवेतला नत्र (नायट्रोजन) घेतो, शेजारच्या टोमॅटो-मिरचीलाही देतो आणि जाताना माती सुपीक करतो.’ त्यावर विसंबून नवी मंडळी नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, बी टोचतात, आणि महिन्याभरात पानं पिवळी पडली की हळहळतात. मला हे बघवत नाही.

हवेतला नत्र वेल घेत नाही, मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू घेतात. नव्या कोकोपीटमध्ये ते येणार कुठून? शिवाय सगळ्या शेंगांना एकच जिवाणू चालत नाही. वाल-चवळीला जमणारे आपल्या मातीत सहसा असतात. श्रावण घेवडा, म्हणजे फरसबी, मूळचा अमेरिका खंडातला. त्याचे जिवाणू वेगळे, आणि ते मिळाले तरी नत्र जमवण्यात तो कच्चाच. म्हणून शेतातही त्याला नत्राचं खत देतात.

खात्री करायची तर फुलं यायच्या सुमारास एक रोप माती सैल करून अलगद काढा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर काम चालू आहे. गाठ बोटाने सहज सुटायला हवी. सुटत नसेल, मूळच जागोजागी फुगलं असेल, तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींचा, रोग आहे. ती माती दुसऱ्या कुंडीत मुळीच टाकू नका.

शेजारच्या मिरचीला देतो म्हणणंही खरं नाही. उभा वेल नत्र स्वतःच्या पानांत नि शेंगांत घालतो, आणि शेंगा आपण खातो. मातीला मिळतं ते मुळं नि पाला कुजल्यावर. म्हणून वेल उपटू नका, बुंध्याशी कापा.

स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) तर हवेतून येतच नाहीत. शेणखत किंवा गांडूळखत घालावंच लागतं. पण घाबरून युरियाही ओतू नका. त्याने गाठी धरत नाहीत, पालाच माजतो. वालाच्या बऱ्याच जुन्या जाती दिवस लहान झाल्यावरच फुलतात, तेव्हा ऑगस्टात फूल नाही म्हणून खत वाढवू नका.

कृषी विद्यापीठांत रायझोबियमचं 250 ग्रॅमचं पाकीट मिळतं. ते साधारण दहा किलो बियाण्याला पुरतं, तेव्हा चार-पाच घरांनी मिळून एक आणा. गुळाच्या गार पाण्यात कालवून बियांना चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. घेताना पाकिटावर पिकाचं नाव मात्र वाचा.