हिरा कठीण आहे हो, त्याचा रंग नाही

‘हिरा हा जगातला सर्वांत कठीण पदार्थ. त्यामुळे रंगीत हिऱ्याची अंगठी बिनधास्त टूथपेस्टने घासा, नव्यासारखी चमकेल!’ अशी सुरुवात असलेला, पुढे चार-पाच सल्ले आणि शेवटी हात जोडलेले इमोजी असा तो मेसेज मला तीनदा आला. तीनदा मी सोडून दिला. चौथ्यांदा थेट मावशीची अंगठीच समोर आली.

‘दर रविवारी पेस्ट घेऊन बसायचे गं, आणि हे बघ काय झालं.’

गुलाबी हिरा. दागिने दुरुस्तीचं काम करत असल्यामुळे दहापट भिंग हाताशी असतंच. हिरा उलटा धरून खालची निमुळती बाजू पाहिली. पैलू जिथे एकमेकांना मिळतात त्या कडांवरून गुलाबी रंग खरवडून गेलेला, नुसत्या पांढऱ्या रेघा. हिऱ्यावर मात्र ओरखडा एकही नाही. तेवढ्यापुरता मेसेज खरा म्हणायचा!

रंग हिऱ्यात नव्हताच, त्याच्या पाठीला लावलेला होता. हा लेप एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, म्हणजे केसाच्या जाडीशीही त्याची तुलना नको. बिलावर ‘कलर ट्रीटेड’ एवढे दोनच शब्द होते आणि सगळा घोळ तिथेच आहे. या दोन शब्दांत तीन अगदी वेगळ्या गोष्टी बसतात: वरून दिलेला लेप, किरणांचा मारा करून बदललेला रंग, आणि प्रचंड दाब-उष्णता देऊन बदललेला रंग, ज्याला धंद्यात एचपीएचटी म्हणतात. तिघांची काळजी एकसारखी कशी असेल? मेसेज लिहिणाऱ्याला हे तीन प्रकार आहेत याचाच पत्ता नाही.

लेपाबद्दल माझ्या मताची गरजच नाही. हिरे-रत्नं तपासणारी संस्था जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, यांच्या ‘जेम्स अँड जेमॉलॉजी’ या त्रैमासिकात 2007 साली अशा लेप दिलेल्या हिऱ्यांची तपासणी आली होती. हे लेप त्याआधीच्या लेपांपेक्षा टिकाऊ निघाले. तरीही दागिन्यांच्या नेहमीच्या दुरुस्तीतल्या उष्णतेने आणि रसायनांनी ते खराब होतात, असं त्यांनी नोंदवलंय. लेपवाल्या हिऱ्याला जीआयए ग्रेडिंग रिपोर्ट, म्हणजे दर्जाचा दाखलाही देत नाही. आता बसा पेस्ट लावून.

आणि हिऱ्याचं सोडा, ती पेस्ट सोन्याला तरी कुठे सोडते? तिच्यातल्या बारीक भुकटीने सोन्याची झळाळी मंद होते, पांढऱ्या सोन्यावरचा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा झिजतो. ब्लीचमधलं क्लोरीन त्याहून वाईट, हिरा धरून ठेवणाऱ्या नख्याच त्याने कमजोर होतात. खरं तर हिरा निस्तेज दिसतो तो तेलकटपणामुळे. हिऱ्याला वंगण चिकटतं, इतकं की खाणीत खडीतून हिरे वेगळे करायला वंगण फासलेली टेबलं वापरायचे. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, बास. लेप असेल तर ब्रशही नको, नुसतं बुडवून मऊ कापडाने टिपायचं.

आता ज्या सल्ल्याने मी खरी भडकले तो: ‘अंगठीचं माप वाढवताना हिरा काढू देऊ नका, बदलून ठेवतात. हिऱ्याला आगीने काही होत नाही.’ काही कसं होत नाही? हिरा म्हणजे कार्बन. उघड्या हवेत पुरेसा तापला की त्याचा पृष्ठभाग जळून धुरकट होतो, म्हणून तर आम्ही आधी बोरिक ॲसिडचं आवरण देतो. किरणांनी निळा-हिरवा केलेल्या हिऱ्याचं तर विचारूच नका. त्या किरणांनी आतले काही अणू जागेवरून उडवलेले असतात आणि त्या रिकाम्या जागांमुळे रंग दिसतो. साधारण 500-600 अंश सेल्सिअसच्या पुढे या जागा सरकायला लागतात. निळ्या-हिरव्याचा पिवळा-नारिंगी मुद्दाम करायचा असतो तेव्हा कारखान्यात हेच करतात. सोनं झाळायला लागणारी उष्णता सहज 700 अंशांवर जाते. म्हणजे निळी अंगठी दिली आणि भलत्याच रंगाची परत आली, असं खुशाल होऊ शकतं.

बदलाबदलीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, माझ्याच धंद्याची बदनामी असली तरी. पण त्यावर उपाय हिरा आगीत ठेवणं नव्हे. देताना वजन पावतीवर लिहून घ्या. जीआयएने तपासलेल्या किरणांच्या किंवा एचपीएचटीच्या हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे त्याच्या सर्वांत रुंद कडेवर, तसं लेसरने कोरलेलं असतं. ते आधी आणि नंतर भिंगातून दाखवायला सांगा.

‘रेडिएशन असतं, म्हणून रात्री अंगठी मिठात ठेवा.’ मीठ रेडिएशन शोषत नाही हो! अर्धसत्य इतकंच की इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी 1904 मध्ये रेडियमच्या क्षारांत हिरे ठेवून हिरवे केले होते, आणि ते खरोखरच किरणोत्सर्गी राहिले. आता बहुतेक इलेक्ट्रॉनचा मारा करतात, त्याने अंगठी किरणोत्सर्गी होत नाही.

‘उन्हात रंग उडतो’ हे किरणांच्या आणि एचपीएचटीच्या हिऱ्यांना लागू नाही. एचपीएचटीचा रंग तर दोन हजार अंशांच्या आसपास घडवलेला, त्याला उन्हाची काय पत्रास.

मावशीने विचारलंच, पुन्हा रंग देता येईल का. येतो, पण हिरा काढून, पहिला लेप पूर्ण उतरवून. ती नको म्हणाली. वरून बघितलं तर अजून फिकट गुलाबी दिसतो, तेवढा पुरे म्हणाली. पावतीच्या पाठीवर मी ‘लेप आहे, आग नको, दागिने धुवायच्या मशीनमध्ये धुऊ नका’ असं ठळक लिहून तिच्या डबीत ठेवलंय.