अपंगत्वाचा टक्का म्हणजे कमाईच्या नुकसानीचा टक्का नव्हे

‘अपघातात जीव वाचला तर भविष्यातील कमाईची भरपाई मिळत नाही, अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का अंतिम असतो, दाव्यात मागितले त्याहून जास्त मिळत नाही, विमा कंपनीचा धनादेश स्वीकारला की अपिलाचा हक्क संपतो, आणि अपील करायचेच असेल तर आधी पंचवीस हजार भरावे लागतात.’ असा पाच कलमी मजकूर ‘वकिलांचा मोलाचा सल्ला’ या मथळ्याखाली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. सांगली जिल्ह्यात सुतारकाम करणाऱ्या आणि वाहन अपघातात जखमी झालेल्या माझ्या मामेभावाने, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या निवाड्यातली भरपाई अपुरी असूनही, तो वाचून उच्च न्यायालयातल्या अपिलाचा विचारच सोडून दिला आणि ९० दिवसांच्या मुदतीतले निम्मे दिवस त्यात गेले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिले आणि दुसरे कलम एकमेकांना छेद देतात, हेही लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेले नाही. भरपाई मिळतच नसेल, तर टक्का कशाचा लावायचा? पण खरे नुकसान करते ते दुसरे कलम. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालात स्पष्ट सांगितले आहे की, शरीराचे अपंगत्व किती हे डॉक्टर सांगतात, परंतु त्यामुळे कमाईची क्षमता किती घटली हे जखमीचा व्यवसाय पाहून न्यायाधिकरणाने ठरवायचे असते. डावा हात गमावलेल्या सुताराचे किंवा चालकाचे नुकसान जवळजवळ शंभर टक्के असू शकते, तर तोच हात गमावलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते, हे उदाहरण त्या निकालातच आहे. मामेभावाच्या दाखल्यावर ३५ टक्के लिहिले आहे. प्रत्यक्षात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा वळत नाही, रंधा दाबून धरता येत नाही आणि पटाशी दुसऱ्या ठोक्याला हातातून निसटते. डॉक्टरांनी उलटतपासणीत हे मान्य केले असतानाही निवाड्यात ३५ टक्केच धरले गेले.

याचा हिशेब पाहावा. वय ३४, उत्पन्न महिना १८,००० रुपये, या वयाचा गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा) १६. वर्षाचे २,१६,००० गुणिले १६ म्हणजे ३४,५६,०००. त्याचे ३५ टक्के १२,०९,६०० होतात आणि निवाड्यात तेवढेच आहेत. स्वयंरोजगार करणाऱ्या चाळिशीच्या आतील व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे असतात, आणि ही वाढ केवळ मृत्यूच्या दाव्यांत नव्हे तर जखमींच्या दाव्यांतही धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हात गमावलेल्या एका टंकलेखकाच्या प्रकरणात म्हटले आहे. ती वाढ धरून आणि कमाईचे नुकसान ७० टक्के मानले, तर रक्कम ३३,८६,८८० रुपये होते. ७० टक्के हा अर्थात आमच्या बाजूचा आकडा आहे. न्यायालय तो कमीही करू शकते. राजकुमार खटल्यात एका पायाचे ४५ टक्के अपंगत्व असलेल्या अर्जदाराच्या कमाईचे नुकसान २० टक्केच धरले गेले होते, हेही सांगितले पाहिजे.

तिसरे कलम सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या ‘नागप्पा’ निकालानंतर कोणी लिहूच नये; न्याय्य भरपाई मागणीपेक्षा जास्त असेल तर तीही देता येते. त्याच निकालानुसार पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च मूळ निवाड्यातच धरावा लागतो, कारण नंतर पुरवणी निवाडा होत नाही. तो खर्च वगळला गेला असेल, तर अपिलात मागायला हवा.

धनादेशाच्या कलमात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. लोकअदालतीत तडजोड झाली असेल, तर तिच्यावर अपील नाही. मात्र लढवलेल्या दाव्यातील निवाड्याची रक्कम उचलल्याने वाढीव भरपाईचे अपील बंद होत नाही. पंचवीस हजारांचे कलम तर उलटेच वाचले आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे पंचवीस हजार किंवा निवाड्याच्या निम्मे, यांपैकी कमी असेल ती रक्कम भरायची असते ती भरपाई देणे लागणाऱ्याने, जखमीने नव्हे.

सांगलीकरांना अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) आहे. मुदत उलटली, तरी सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर तसे वाचले होते’ हे कारण सबळ ठरेल, अशी आशा मात्र कोणी धरू नये.