काराकोलचे कारखाने आणि हैतीचा भातशेतकरी : एक खुलासा
‘परदेशी गुंतवणुकीने हैतीचा भातशेतकरी बुडवला’ हा सध्या फिरणारा दावा कारण आणि काळ या दोन्हींची गल्लत करतो. आर्तिबोनित या हैतीतल्या भातपिकाच्या खोऱ्यातल्या तांदळाचे कंबरडे मोडले ते प्रामुख्याने १९९५ मध्ये आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणल्यामुळे आणि अमेरिकेचा अनुदानित तांदूळ स्वस्तात उतरू लागल्यामुळे. परदेशी गुंतवणुकीची म्हणून बोट दाखवले जाते ती उत्तर हैतीतल्या काराकोलची औद्योगिक वसाहत सुरू झाली ती त्यानंतर, २०१२ मध्ये. तिथल्या कोरियन कारखान्यात शिवलेले कपडे बिनशुल्क अमेरिकेला जात, त्यामुळे गावच्या शिंप्याचे गिऱ्हाईकही त्या कपड्यांनी तोडले नाही. ते तोडले ‘पेपे’ने, म्हणजे बाहेरून येणाऱ्या वापरलेल्या कपड्यांनी. अर्थात वसाहतीला निर्दोष ठरवण्याचे कारण नाही: तिच्यासाठी शेकडो कुटुंबांची कसती जमीन गेली, आणि कापडच परदेशातून येत असल्याने स्थानिक व्यावसायिकांच्या पदरी फारसे काही पडले नाही.