एक अंड खाली, एक पोटात

कुत्र्याचं एकच अंड (वृषण) खाली पिशवीत उतरलं असेल तर त्याच्यापासून पिल्लं काढू नका. त्याचं ऑपरेशन करा, आणि दोन्ही अंडं काढून घ्या. हे इतकं स्पष्ट लिहितोय कारण गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत मला सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं: ‘एक आहे ना, मग चालतं रे.’

मेटिंगपुरतं चालतं हे खरं आहे, आणि घोटाळा तिथंच आहे. खाली उतरलेलं अंड नीट काम करतं, त्यामुळे पिल्लं होतात आणि हा दोष पुढच्या पिढीत जातो. दोष आनुवंशिक आहे. नराकडूनच येतो असंही नाही. आईला अंडं नसतात म्हणून तिच्यात तो दिसत नाही, पण तीही तो पिल्लांना देऊ शकते. म्हणजे अशा पिल्लाची बहीण ‘ती तर मादी आहे’ म्हणून मेटिंगला द्यायची, हेही चूकच. पॉमेरेनियन, चिवावा, जर्मन शेफर्ड, बॉक्सर या जातींत हे जास्त दिसतं. आपल्याकडे पॉम किती घरांत आहेत ते सांगायला नको.

न उतरलेल्या अंडाचं काय होतं ते नीट समजून घ्या. गर्भात दोन्ही अंडं मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि तिथून जांघेतल्या वाटेने पिशवीत येतात. पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत ती हाताला लागायला हवीत. सहा महिन्यांनंतर ती वाट जवळजवळ बंद झालेली असते, मग उतरण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. मालिश करून ते उतरत नाही. हॉर्मोनच्या इंजेक्शनांचाही भरवसा नाही. आणि समजा उतरलंच, तरी रक्तातला दोष तसाच राहतो, फक्त बघणाऱ्याला दिसेनासा होतो. हे तर मला जास्त वाईट वाटतं.

पोटातल्या उष्णतेत त्या अंडात शुक्राणू तयार होत नाहीत, पण नराचं हॉर्मोन होत राहतं. म्हणून सोपं पडतं म्हणून दिसणारं तेवढं काढलं तर कुत्रा वांझ होतो, पण भांडणं, भटकणं, जागोजागी मुतणं तसंच चालू राहतं. आणि कॅन्सरची भीती आत शिल्लक राहते. न उतरलेल्या अंडात गाठ होण्याचा धोका साध्या अंडापेक्षा १० पटींच्या आसपास धरला जातो. कधी ते आतल्या आत पीळ खातं, तेव्हा कुत्रा वेदनेने तडफडतो.

आमच्या वाड्यावरच्या एका लॅब्राडोरचं सांगतो. म्हातारपणी त्याच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळायला लागले. गोव्याच्या पावसात कुत्र्याचे केस गेले की सगळे बुरशीच म्हणतात, तशीच औषधं चालू राहिली. मग स्तनाग्रं सुजली, गल्लीतले नर त्याच्या मागे लागायला लागले. तेव्हा कुणीतरी पोट चाचपलं. पोटातल्या अंडाची गाठ इस्ट्रोजेन बनवत होती, आणि इस्ट्रोजेन हाडांतला मगज मारतं. रक्तच तयार व्हायचं थांबतं. गाठ काढायला घेतली तेव्हा त्याच्यात रक्त उरलं नव्हतं. तो वाचला नाही. तरुणपणी एका ऑपरेशनने हे सगळं टळलं असतं. पोट उघडावं लागतं म्हणून साध्या नसबंदीपेक्षा खर्च जास्त येतो, मान्य. पण तो एकदाच येतो.

आता विकणाऱ्यांबद्दल. २०१७ च्या केंद्राच्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी महिनाभराची पिल्लं सर्रास हातात ठेवली जातात. त्या वयात अंड उतरलंय की नाही हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही, मग घेणाऱ्याला दोष कळतो तो जीव जडल्यावर. ८ आठवडे थांबा आणि डॉक्टरांकडून तपासून घ्या. पिल्लू घाबरलं किंवा गारठलं तर अंड वर ओढलं जातं, म्हणून ते निवांत असताना बघायचं. एक सापडलं नाही तर पिल्लू घेऊ नका असं मी म्हणत नाही, तेही तितकंच लाघवी असतं. फक्त ऑपरेशन ठरवूनच घ्या, आणि त्याच्या आईबापांची पुन्हा मेटिंग करू नका हे विकणाऱ्याला तोंडावर सांगा.

गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. रस्त्यावरच्या कुत्र्यांना गावोगावी फिरून लस टोचली गेली, म्हणून ते झालं. घरातल्या कुत्र्याची जांघ चाचपायला मात्र आपल्याला लाज वाटते. ‘नर आहे, नरच राहू दे’ म्हणणाऱ्या बाप्यांना मी इतकंच विचारतो: पोटात अडकलेल्या त्या अंडाचा तुमच्या कुत्र्याला नेमका उपयोग काय?

ज्यांच्या घरी सहा महिन्यांवरचा नर आहे त्यांनी आज संध्याकाळी हात लावून बघा. दोन लागली नाहीत तर या आठवड्यात डॉक्टर गाठा. आधीच नसबंदी झालेली असेल तर तेव्हा किती अंडं काढली होती, तेही विचारून घ्या.